व्यसनातून बाहेर पडताना: ख्रिस्ती घरासाठी क्रमवार मार्गदर्शक

रविवारची उपासना संपली की एखादी ताई पाळकसाहेबांना दारातच गाठते. "यांच्यासाठी प्रार्थना करा, उद्यापासून सोडतो म्हणालेत." डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते, सोमवारी दारू बंद होते आणि मंगळवारी रात्री माणूस फिट येऊन दवाखान्यात पोचतो. किंवा तसं काही न होता पंधरा दिवस छान जातात, तिसऱ्या रविवारी त्याला साक्ष द्यायला पुढे उभं करतात, टाळ्या पडतात, आणि महिनाभरात तो चर्चला यायचाच बंद होतो. अशा घरांत श्रद्धेची कमतरता मला क्वचित दिसली. चुकतो तो क्रम.

पुढचं सगळं त्या क्रमाबद्दल आहे. मुख्यतः दारूबद्दल, कारण आपल्या मंडळ्यांत तेच दुखणं मोठं. गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन) आणि झोपेच्या गोळ्यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. तुम्ही मिस्साला जाता की प्रार्थना सभेला, याने टप्पे बदलत नाहीत.

## तयारी: तारीख ठरवण्याआधी

बहुतेक घरं तारखेपासून सुरुवात करतात. एक तारीख, वाढदिवस, राख बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस). तारीख शेवटी ठरवायची, त्याआधी तीन कामं आहेत.

पहिलं काम, नोंद. किती घेता असं विचारलं की "थोडीच" हे उत्तर ठरलेलं. म्हणून न विचारता, न भांडता आठवडाभर वहीत लिहा. पहिला घोट किती वाजता, शेवटचा किती वाजता, देशी की इंग्लिश की हातभट्टी, अंदाजे किती. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, आणि घेतल्यावर थांबतात का, हे तर नक्की लिहा. आधी कधी बंद केल्यावर फिट आली होती का, भास झाले होते का, हेही. शुगर, बीपी, टीबी, फिट्स यांच्या चालू गोळ्यांची नावं चिठ्ठीवर. ४२.८ टक्के तीव्रतेच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. डॉक्टर १० ग्रॅमचं एक माप धरतात, म्हणजे "फक्त एक क्वार्टर" ही रोजची सहा मापं झाली. जो माणूस स्वतःहून सोडायला निघाला आहे त्याने ही वही स्वतःच लिहावी. खरं लिहिणं इथूनच सुरू होतं.

दुसरं काम, तीन माणसं. एक डॉक्टर, शक्यतो मनोविकारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्तीचं काम करणारा. एक चर्चमधला माणूस, ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा. आणि एक जो स्वतः व्यसनातून बाहेर येऊन काही वर्षं झाली आहेत असा. ही तीन वेगळी माणसं असावीत. पाळक किंवा फादर तिन्ही कामं करायला गेले की तिन्ही अर्धवट होतात. त्यांच्यावर दोनशे घरांचा भार असतो आणि रात्री साडेअकराला तुमचा फोन ते प्रत्येक वेळी उचलू शकणार नाहीत. डॉक्टर कुठे शोधायचा हे कळत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६ या दोन्हींवर फोन फुकट लागतो.

तिसरं काम, पैसे आणि चाव्या. पगार कोणाच्या हातात येणार, एटीएम कार्ड कोणाकडे राहणार, बाइकची चावी कुठे. हे आत्ता, शुद्धीत, त्याच्या संमतीने ठरवा. त्याला न सांगता कार्ड लपवलं तर भांडण कार्डावरून होईल आणि दारूचा विषय बाजूला पडेल.

> सावधान: तयारीच्या उत्साहात घरातल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतू नका. जो सकाळपासून घेतो त्याची दारू एकदम तोडणं हेच सगळ्यात धोक्याचं आहे. ओतायचा दिवस डॉक्टरांशी बोलून ठरतो.

## टप्पा १: आधी शरीर

१ राजे १९ मध्ये एलीया मरण मागत झुडपाखाली पडतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. बोलणं होतं ते पुढे, होरेब डोंगरावर. पहिल्या आठवड्यात घरच्यांनी एवढा एकच अध्याय लक्षात ठेवावा.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू थांबली की साधारण ६ ते २४ तासांत हातांची थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट येण्याचा धोका बहुतेक पहिल्या दोन दिवसांत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, ज्याला डॉक्टर डीटी म्हणतात. ताप, प्रचंड घाम, माणसं न ओळखणं, नसलेल्या गोष्टी दिसणं. यात उपचार न मिळाल्यास जीव जातो.

याच ठिकाणी ख्रिस्ती घरांत एक घात होतो. रात्रीचे दोन वाजलेत. माणूस गादीवर बसून चादरीचे धागे एकेक चिमटीत धरून उपटतोय आणि पुटपुटतोय, "मुंग्या आहेत, काढतोय." मध्येच कोपऱ्याकडे बघून कोणाला तरी शिव्या देतो. बायको घाबरून प्रार्थना गटातल्या भाऊंना फोन करते. ते येतात, आणि सैतान घालवण्याची प्रार्थना मोठमोठ्याने सुरू होते. दिवे, आवाज, चारपाच माणसं अंगाशी. आजारी मेंदूला यापेक्षा वाईट काही नाही. ही बाधा नव्हे, दारू तुटल्याचा मेंदूवरचा परिणाम आहे आणि त्यावर औषध आहे. १०८ लावा. भाऊ आलेच असतील तर त्यांनी रुग्णवाहिकेपर्यंत हात द्यावा आणि प्रार्थना दवाखान्याच्या बाकावर, मनात करावी.

दवाखान्यात पोचल्यावर सांगायचं एक वाक्य पाठ करून ठेवा: "हे रोज दारू घेतात, शेवटची अमुक वाजता घेतली." लाज वाटून "अशक्तपणा आलाय, एक सलाइन लावा" म्हणू नका. जास्त पिणाऱ्यांत बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी झालेलं असतं. त्या अवस्थेत आधी थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दारूचं कळलं की डॉक्टर थायमिन आधी देतात. लपवलंत तर त्यांना कसं कळणार?

गोळ्या मिळतात त्या काही दिवसांच्या, रोज कमी करत न्यायच्या. त्या स्वतः वाढवू नका, आणि "आता देव बरा करतोय" म्हणून स्वतः बंदही करू नका.

उपास-प्रार्थनेचं काय? या आठवड्यात उपास रुग्णाने करायचा नाही. मंडळी करू शकते, आई करू शकते. त्याने मऊ भात-वरण, पेज, अंडी, फळं आणि पाणी घ्यायचं.

गर्द ओढणाऱ्याची टर्की, म्हणजे गर्द तुटल्यावरचा त्रास, वेगळी असते. अंगदुखी, जुलाब, उलट्या, झोप नाही. ती असह्य असते पण दारूच्या तुटीइतकी जीवघेणी सहसा नसते. तिथला धोका नंतर आहे, तो शेवटच्या टप्प्यात. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांचं व्यसन असेल तर मात्र दारूसारखंच वागा. एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते.

तपासा: माणूस नीट जेवतोय, चालताना तोल जात नाही, तारीख-वार सांगू शकतो. हे झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जायचं नाही. बायबल अभ्यास दहा दिवस थांबू शकतो.

## टप्पा २: भरती करायचं की घरी

सगळ्यांना भरतीची गरज नसते. घरी एक जबाबदार माणूस पूर्ण वेळ आहे, आधी फिट आलेली नाही, दुसरा मोठा आजार नाही, डॉक्टर जवळ आहेत, तर घरीही होतं. यातलं एक जरी नसेल तर भरती बरी.

केंद्र निवडताना "ख्रिस्ती आहे ना" एवढंच बघून लोक मुलाला सोडून येतात. चर्चमधून उगवलेलं चांगलं काम कसं असतं याचं एक उदाहरण म्हणजे फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन. तिथे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या (एए, म्हणजे व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट) बारा पायऱ्या आहेत, समुपदेशन आहे, अय्यंगार योगही आहे, आणि धर्म विचारून दार उघडलं जात नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. ते ख्रिस्ती नाही, पण ख्रिस्ती माणसाला तिथे जाण्यात श्रद्धेची काही अडचण नाही. आपल्या जिल्ह्यात यातलं काही नसेल तर सरकारी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आधी विचारा.

कुठल्याही केंद्रात पाय ठेवण्याआधी हे विचारा:

1. डॉक्टर रोज येतात का, रात्री कोण असतं? "आमच्याकडे फक्त प्रार्थनेने होतं" हे उत्तर मिळालं तर परत फिरा.
2. शुगर, टीबी, एचआयव्ही, फिट्स, मनोविकार यांच्या चालू गोळ्या तिथे दिल्या जातात का? विश्वासाच्या नावाखाली त्या बंद करणाऱ्या जागा आहेत.
3. नोंदणी दाखवा म्हणा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनालाही लागू आहे.
4. भेटायला आणि फोनवर बोलायला कधी मिळेल?
5. बाहेर पडल्यावर पाठपुरावा कसा? याचं उत्तर नसलेलं केंद्र म्हणजे महागडी विश्रांती.

> सावधान: साखळीने बांधणं त्या कायद्याने सरळ बंद आहे. मारहाण, डांबून ठेवणं, जबरदस्तीने प्रार्थना म्हणायला लावणं, याला शिस्त म्हणत नाहीत. झोपेत असताना मुलाला उचलून नेणाऱ्या गाड्यांना पैसे देऊ नका. तो परत येतो तेव्हा दारूवरचा राग घरच्यांवर वळलेला असतो.

## टप्पा ३: कबुली, आणि ती कोणासमोर

आता श्रद्धेचं खरं काम सुरू होतं. याकोबाच्या पत्रात (५:१६) पातकं एकमेकांजवळ कबूल करायला सांगितलं आहे. सगळ्या मंडळीसमोर माइकवर करा असं तिथे म्हटलेलं नाही.

क्रम असा ठेवा. आधी कागदावर. कोणाला काय बोललो, कोणाचे किती पैसे बुडवले, कोणापासून काय लपवलं, कशाची भीती वाटते, कोणावर राग आहे. बारा पायऱ्यांमधली चौथी हीच, आणि तिला आठवडे लागतात. "मी फार पापी आहे" हे एकच वाक्य लिहून कागद संपवणारे पुष्कळ. ते वाक्य सोपं असतं कारण त्यात कोणाचंच नाव नसतं. "मुलीच्या अॅडमिशनचे पैसे काढले आणि भावाने मागितले असं सांगितलं" हे लिहिणं अवघड. स्तोत्र ५१ जवळ ठेवा. त्यात सारवासारव नाही.

मग एका माणसासमोर वाचायचं. कॅथलिक असाल तर कुमसाराला, म्हणजे फादरांसमोरच्या पापकबुलीला जा. तिथलं बोलणं फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, हा पक्का नियम आहे. पण नेहमीच्या शनिवारच्या रांगेत उभं राहून तीन मिनिटांत हे होणार नाही. फादरांकडे वेगळी वेळ मागा. प्रोटेस्टंट असाल तर पाळकांना आधीच स्पष्ट विचारा: "हे तुमच्याकडेच राहील ना? कमिटीत, घरी, प्रार्थनेच्या विषयांत येणार नाही ना?" विचारायला संकोचू नका. "अमुक भावाच्या अडचणीसाठी प्रार्थना करू या" असं म्हणत अख्ख्या मंडळीला बातमी कळलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे.

बायकोसमोर सगळं एका रात्रीत ओतायचं नाही. ओतणाऱ्याला हलकं वाटतं आणि ऐकणारी पुढचे सहा महिने ते घेऊन जगते. काय सांगायचं, किती आणि कधी, हे ज्याच्यासमोर वाचलं त्याच्याशी बोलून ठरवा. अपवाद एकच: तिच्या आरोग्याशी संबंधित काही असेल तर ते लगेच.

तपासा: कागदात निदान पाच ठिकाणी माणसांची नावं आणि घटना आहेत. सगळीकडे फक्त "परिस्थिती", "संगत" आणि "सैतान" असेल तर पुन्हा लिहा.

## टप्पा ४: गट

एकट्याने विश्वासात टिकतो म्हणणारे घसरलेले मी फार पाहिले. गटात जाणारेही घसरतात, पण त्यांना उचलायला कोणी तरी असतं.

एएबद्दल काही पाळकांच्या मनात शंका असते. "तिथे ख्रिस्ताचं नाव घेत नाहीत." बरोबर, घेत नाहीत. एए कुठल्याही धर्माशी बांधलेलं नाही, ज्याला जसा समजला तसा देव, एवढंच ते म्हणतात. पण १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावी ज्या दोघांनी ते सुरू केलं ते ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतूनच आले होते, आणि कबुली, भरपाई, रोजची आत्मपरीक्षा या गोष्टी तिथूनच आल्या. ख्रिस्ती माणसाला तिथे स्वतःचा देव बाहेर ठेवून जावं लागत नाही. त्याने फक्त शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला उपदेश करायचा नाही. अमेरिकेतल्या सॅडलबॅक चर्चमध्ये १९९१ पासून चालणारं सेलिब्रेट रिकव्हरी हे उघड ख्रिस्ती आहे आणि त्याचे गट बऱ्याच देशांत आहेत. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ते चर्चमध्येच सापडू शकेल.

व्यवहारात कसं बसवायचं:

1. पहिले तीन महिने मीटिंग शक्य तितक्या रोज. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन, आणि बाकीच्या दिवशी गटातल्या कोणाला तरी फोन.
2. एकच गट आवडला नाही म्हणून सोडू नका, दुसऱ्या ठिकाणी जा. भाषा, वेळ, माणसं वेगळी असतात. मराठी मीटिंग हवी असेल तर तसं विचारा.
3. महिनाभरात स्पॉन्सर धरा, म्हणजे गटातला आधीपासून सुटलेला, सोबत करणारा माणूस. पुरुषाने पुरुष, बाईने बाई. चर्चमधला गोड बोलणारा नको, फोन उचलणारा हवा.
4. रविवारची भक्ती किंवा मिस्सा मीटिंगच्या जागी धरू नका, आणि मीटिंग भक्तीच्या जागी धरू नका. भक्तीत आपण बाकावर बसून ऐकतो. मीटिंगमध्ये स्वतःचं नाव घेऊन बोलावं लागतं.

मंडळीत स्त्रियांचं पिणं हा विषयच काढला जात नाही. घरात दुपारी, स्वयंपाकघरात, एकटीने. अशा बहिणीला पुरुषांनी भरलेल्या मीटिंगमध्ये पाठवून ती टिकत नाही. आधी स्त्री समुपदेशक शोधा, मग गट.

## टप्पा ५: संध्याकाळ भरणे

लूक ११:२४-२६ मध्ये अशुद्ध आत्मा बाहेर पडतो, घर झाडून लख्ख होतं, आणि तो आणखी सात घेऊन परत येतो. घर रिकामं होतं ना! दारू सुटलेल्या माणसाची संध्याकाळ तशीच असते. साडेसहा ते साडेनऊ हे तीन तास आधी भरलेले होते, आता त्यांचं करायचं काय?

सकाळची प्रार्थना छोटी ठेवा, पण वेळ चुकवू नका. एक स्तोत्र, दोन मिनिटं शांत, आणि फक्त आजच्या दिवसापुरती मागणी. आयुष्यभर न पिण्याची शपथ इथे घेऊ नका. रात्री झोप लागत नाही, हे कित्येक आठवडे चालतं. तेव्हा स्तोत्र १३० वाचा. पहाटेची वाट बघणाऱ्या पहारेकऱ्यांचं ते स्तोत्र आहे.

संध्याकाळला मात्र प्रार्थना पुरत नाही, काम लागतं. कामावरून येतानाचा रस्ता बदला, गुत्त्यावरून जाणारा नको. आल्या आल्या खायला द्या, कारण भूक आणि तलफ यांतला फरक पहिल्या महिन्यांत कळत नाही. मग मीटिंग, क्वायरची तालीम, मुलांचा अभ्यास, चर्चच्या आवाराची झाडलोट, काहीही. ज्याला पैसे मोजायचं काम देण्याचा मोह कमिटीला होतो, त्याला ते वर्षभर देऊ नका. विश्वास दाखवण्याचे दुसरे मार्ग आहेत.

## टप्पा ६: जिथे दारू चर्चच्या बाजूने येते

याबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं.

प्रभुभोजन. वेदीवरचा द्राक्षारस खरी वाइन असू शकते. कॅथलिक चर्चची शिकवण आहे की नुसता होस्ट (पवित्र भाकर) घेतला तरी कम्युनियन पूर्ण होतं, काही उणं राहत नाही. म्हणून प्याला घेऊ नका, आणि वाइनमध्ये बुडवलेला होस्टही घेऊ नका. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बरेच ठिकाणी न आंबवलेला द्राक्षाचा रस किंवा सरबत असतं, पण "असेल" यावर विसंबू नका, विचारा. वाइन असेल तर पाळकांशी आधी बोला आणि फक्त भाकर घ्या. डायसल्फिरामची (दारू सुटलेली राहावी म्हणून देतात ती) गोळी चालू असेल तर हा प्रश्न थेट प्रकृतीचा होतो.

> सावधान: डायसल्फिराम ही गोळी घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली तर चेहरा लाल होणं, उलट्या, धाप, रक्तदाब कोसळणं, क्वचित मृत्यूही. शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास झाल्याशिवाय ती सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो. ती चहात, वरणात, लपवून कधीही देऊ नका. "पाळकांनी दिलेलं पवित्र तेल" म्हणून तर नाहीच.

नाताळ. वसईत, मुंबईच्या गावठाणांत, गोव्यात घरगुती वाइनची भरणी असतेच. ओट्याखाली मागे ढकललेली, तोंडाला फडकं बांधलेली, डिसेंबरात गाळायची म्हणून ठेवलेली. घरातले सगळे तिला दारूत मोजत नाहीत. मोजा. या वर्षी भरणी दुसऱ्या घरी. रममध्ये मुरवलेल्या फळांचा केकही नको. शेजारून आलेलं कुसवारचं (नाताळच्या फराळाचं) ताट घेताना विचारा, लोक समजून घेतात.

लग्न आणि टोस्ट. काना गावचा चमत्कार (योहान २) आणि "पोटासाठी थोडा द्राक्षारस" (१ तीमथ्य ५:२३) ही दोन वचनं प्रत्येक लग्नात कोणी तरी काढतोच. वाद घालू नका. हातात आधीच लिंबू सरबताचा ग्लास धरा, उशिरा जा, जेवून लवकर निघा. पहिल्या वर्षी काही लग्नं चुकवली तरी चालतील.

उपवासकाळ. चाळीस दिवस एक थेंब न घेणारे आणि ईस्टरच्या दुपारी टल्ली होणारे प्रत्येक गावात आहेत. गोव्यात तर हुर्राकचा (काजूच्या दारूचा) हंगामही त्याच महिन्यांत येतो. चाळीस दिवस थांबता आलं म्हणजे व्यसन नाही, असं यातून सिद्ध होत नाही. तो ईस्टरपर्यंतचे दिवस मोजत असतो, एवढंच. रोज पिणारा राख बुधवारी एकदम बंद करणार असेल तर टप्पा १ त्याच्यासाठीच लिहिला आहे. आणि ज्याने चाळीस दिवस काढलेच आहेत त्याला शुभ शुक्रवारच्या आत गटात न्या. ईस्टरनंतर उशीर झालेला असतो.

## टप्पा ७: भरपाई

जक्कय (लूक १९) नुसतं "चुकलं" म्हणत नाही, चौपट परत करतो म्हणतो. मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीजवळ आणलेलं दानही तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे.

घाई इथे फार होते. दुसऱ्या महिन्यात माणूस गावभर माफी मागत सुटतो. निदान सहा महिने जाऊ द्या, स्पॉन्सरबरोबर यादी करा. पैशाचं देणं आधी, आणि हप्त्याने. वाण्याला दर महिन्याला ५०० रुपये न चुकता दिले तर स्वतःच्या मुलांच्या नजरेत जे बदलतं ते पाया पडून बदलत नाही. जिथे आपल्या माफीने समोरच्याचं नुकसान होईल तिथे जाऊ नका. बारा पायऱ्यांतही हा अपवाद दिलेला आहे.

"मी माफी मागितली, आता तू ख्रिस्ती आहेस तर माफ कर" हे बायकोला म्हणायचं नाही. पाळकांनीही तिला म्हणायचं नाही. क्षमा करणं आणि एटीएम कार्ड परत देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्या तारखा वेगळ्या असू शकतात. घरात मारहाण होत असेल तर "सहन कर, प्रार्थना कर" हा सल्ला पापच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ११२ किंवा महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन लावा, आणि मंडळीने तिच्या राहण्याची सोय बघावी. बायको, आईवडील, मोठी मुलं यांच्यासाठी अल-अॅनॉनचे गट वेगळे असतात. तो मीटिंगला जात नसला तरी तुम्ही जा.

## टप्पा ८: घसरला तर

घसरण होते. ती व्हावी असं नाही, पण तयारी हवी.

पहिल्या २४ तासांत: स्पॉन्सरला फोन, घरच्यांना खरं सांगणं, डॉक्टरांना कळवणं. पुन्हा सलग काही दिवस पिऊन झालं असेल तर स्वतः एकदम बंद करू नका, टप्पा १ पुन्हा. दर वेळी तूट आधीपेक्षा जास्त त्रासदायक होऊ शकते.

गर्द किंवा तत्सम पदार्थांचा माणूस महिनाभर दूर राहून घसरला तर जीवाला धोका मोठा असतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि तो जुनाच डोस घेतो. श्वास मंद, ओठ निळे, हाक मारली तरी जाग नाही, असं दिसलं तर १०८, कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. केंद्रातून सुटून आल्यावरचे पहिले आठवडे यासाठी सगळ्यात वाईट. अशा माणसाला डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध दीर्घकाळ देऊ शकतात. "औषधावर आहे म्हणजे खरा सुटलेला नाही" असं चर्चमध्ये कोणी म्हणालं तर त्यांच्या बीपीच्या गोळीबद्दल प्रेमाने चौकशी करा.

चर्चने काय करायचं? घसरलेल्याला शोधत जायचं. तो येणार नाही, लाजेने येणार नाही. दोघांनी जा, बायबल काखेत न घेता. "काय रे, शपथ मोडलीस ना" असं नको. "मीटिंग साडेसातची आहे, मी गाडी घेऊन आलोय" एवढं पुरे. रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय, जो करू नये तेच मी करतो म्हणणारा, त्याने नंतर स्वतः वाचावा. त्याच्यावर तो वाचून दाखवू नये.

## साक्ष कधी द्यायची

शेवटचा प्रश्न हा, कारण पाळकांना याचीच सगळ्यात घाई असते. माझा सल्ला: वर्ष पूर्ण होण्याआधी व्यासपीठावर नाही. तोवर गटात, दहा माणसांत, हवं तितकं बोला. वर्षानंतरही आधी घरच्यांना विचारा, कारण साक्षीत त्यांचंही आयुष्य उघडं होतं. मुलगी दहावीत असेल आणि तिच्या वर्गातली मुलं त्याच बाकांवर बसत असतील तर तिने "नको पप्पा" म्हटलं की विषय संपला. साक्ष द्यायचीच तर दारूच्या किश्शांना दोन मिनिटं आणि डॉक्टर, गट, स्पॉन्सर, हप्ते यांना बाकीची. समोर बसलेल्यांत ज्याच्या घरी आज बाटली आहे, त्याला सोमवारी सकाळी फोन कुठे लावायचा हे त्यातून कळलं पाहिजे. १४४४६ मोठ्याने, दोनदा सांगा.